गदा, गुर्ज आणि मुद्गर

स्नेहसंमेलनात महाभारतातील एखादा प्रवेश करावयाचे ठरले, की पुठ्ठ्याची, चंदेरी कागदाने मढविलेली गदा तयार करावी लागते. तिचा घाट सर्वत्र एकच असतो : खाली दांडा, वर भोपळ्याएवढा गोळा आणि गोळ्यावर लहानसा कळस. हीच भीमाची, हीच दुर्योधनाची आणि हीच मारुतीची. पुढे इतिहासाच्या पुस्तकात पोलादी कवच ल्यालेल्या युरोपीय सरदाराच्या हाती एक आखूड, पाकळ्यापाकळ्यांचे शस्त्र दिसले म्हणजे विद्यार्थी त्यासही गदाच म्हणतात. आणि मोगल दरबाराच्या वर्णनात 'गुर्ज' हा शब्द आला की 'गुर्ज म्हणजे गदा' एवढे सांगून आपण पुढे जातो. अशा रीतीने एका शब्दाच्या पोटात निदान पाच-सहा निरनिराळी शस्त्रे गडप होतात. ती परस्परांपासून वेगळी का, आणि तो वेगळेपणा कशामुळे उत्पन्न झाला, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहो. विषय वरवर पाहता केवळ हाणामारीचा वाटेल. तथापि त्यात पदार्थविज्ञानाचा, इतिहासाचा आणि मनुष्यस्वभावाचाही बराच भाग आहे, असे वाचकांस दिसून येईल.

शस्त्रांचे दोन मोठे वर्ग मनात धरावे. तरवार, कट्यार, भाला ही धारेने किंवा टोकाने काम करतात. ती कापतात अथवा भोसकतात. दुसऱ्या वर्गातील शस्त्रांस धार नसते, किंवा असलीच तर ती कापण्यासाठी नसते. ती आपल्या वजनाने व वेगाने आघात करतात. त्यांस आपण बोथट किंवा आघाती शस्त्रे म्हणू. या दुसऱ्या वर्गाचे मूळ शोधावयास फार दूर जावयास नको. मुसळ, मोगरी, घण, हातोडा, काठी आणि सोटा ही सर्व आपल्या घरात, शेतात किंवा लोहाराच्या भात्याजवळ आजही आढळतात. 'मोगर' व 'मोगरी' हे शब्द तर संस्कृत 'मुद्गर' या शब्दावरूनच आलेले आहेत. तरवार करावयास कसबी कारागीर व चांगले पोलाद लागते. सोट्यास एक बाभळीची फांदी पुरते. म्हणून जगातील सर्व देशांत गरिबाचे पहिले शस्त्र हेच होते. आणि गमत अशी की, पुढे राजाच्या अधिकाराचे चिन्हही हेच झाले. त्याविषयी पुढे लिहू.

प्रथम एक साधा प्रयोग करून पाहावा. घरातील एखादी सारख्या जाडीची काठी बोटावर आडवी तोलून धरावी. तिचा तोल बरोबर मध्यावर सापडतो. आता लोहाराचा किंवा सुताराचा हातोडा तसाच तोलावा. बोट सरकवत सरकवत थेट डोक्याजवळ न्यावे लागते. तरवारीचा तोल मुठीपासून थोड्याच अंतरावर असतो. म्हणून ती मनगटाच्या हालचालीने वळते, थांबते, पुन्हा उलटते. आघाती शस्त्राचा तोल डोक्याकडे असतो. म्हणून ते एकदा फिरले की त्याचा वेग आवरणे कठीण. जो वार चुकला तो भरून काढण्यास अवधी लागतो, आणि तेवढ्या अवधीत प्रतिपक्ष्यास संधी मिळते. त्याने भोसकता येत नाही. शत्रूचा वार अडविण्यासही ते फारसे सोयीचे नाही. मग इतके दोष असताना शूर लोकांनी ते हाती का धरले? याचे उत्तर शस्त्रात नसून समोरच्या माणसाच्या अंगावरील पोशाखात आहे. आमच्या मते या सर्व विषयाची किल्ली तीच होय. शस्त्राचे डोके नीट पाहिले म्हणजे ज्याच्यावर ते उगारले जात होते त्याने अंगावर काय घातले होते, याचा अंदाज करता येतो.

अगदी प्राचीन काळी डोक्यावर काहीच नव्हते. तेव्हा लाकडी दांड्याच्या टोकाला भोक पाडलेला एक गुळगुळीत दगड बसविला की काम भागत असे. मिसर देशाचा राजा नार्मेर याची सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची एक कोरीव शिलापट्टी प्रसिद्ध आहे. तीवर तो राजा पेरूच्या आकाराच्या डोक्याची अशी गदा उगारून उभा आहे. आपल्या सिंधुसंस्कृतीतील मोहेंजोदडो येथील उत्खननातही दगडी गदाशीर्षे सापडली. उघड्या कवटीवर असा वाटोळा दगड पुरेसा घातक असतो. पुढे मेसोपोटेमियात शिपाई शिरस्त्राण घालू लागले. इसवी सनापूर्वी सुमारे २,४५० या काळातील, 'गिधाडांची शिळा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्मारकावर रांगेने उभे राहिलेले सैनिक शिरस्त्राण घातलेले दिसतात. धातूच्या घुमटाकार टोपावर वाटोळा दगड आपटला तर तो निसटतो. त्यामुळे त्या भागात दगडी गदा मागे पडली आणि भाला व कुऱ्हाड पुढे आली, असे अनेक विद्वान मानतात. हजारो वर्षांनंतर गदा पुन्हा रणांगणावर आली, परंतु निराळे डोके घेऊन.

ही झाली पश्चिमेकडील हकीकत. आपल्या देशात गदेचा मान सहसा गेलाच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मुसल, यष्टी, मुद्गर आणि गदा ही नावे वेगवेगळी नोंदलेली आहेत. ज्या राज्यात कोठारातील प्रत्येक वस्तूची मोजदाद ठेवीत, त्या राज्याचा अधिकारी चार वस्तूंस चार नावे देतो याचा अर्थ त्या चार वस्तू होत्या; आपण मात्र त्यांची एक करून टाकली आहे. यष्टी म्हणजे काठी. मुसल म्हणजे सबंध जाड दांडा, ज्याला निराळे डोके नाही. बलरामाच्या हाती नांगराबरोबर हेच असते, आणि महाभारताच्या मौसलपर्वात यादवांचा नाश याच शस्त्राने झालेला सांगितला आहे. मुद्गर म्हणजे दांड्यावर जड डोके असलेला घणासारखा प्रकार. गदा ही या सर्वांत घडीव व प्रतिष्ठित. शुक्रनीतीत तिचे वर्णन आठ पैलूंची, बुडाशी रुंद आणि छातीपर्यंत पोहोचेल एवढ्या उंचीची असे केले आहे. नाटकातील भोपळ्याचा त्यात मागमूसही नाही. छातीइतकी उंच वस्तू एका हाताने फिरविण्यासारखी नसते. ती दोन्ही हातांनी, पायदळाने, दोन वीर समोरासमोर उभे राहून चालवावयाची असते. घोड्यावर बसून असे शस्त्र चालविणे जवळजवळ अशक्यच.

येथे मारुतीविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज त्याची मूर्ती किंवा चित्र गदेशिवाय क्वचितच दिसते. परंतु वाल्मीकीच्या सुंदरकांडात अशोकवनात राक्षस चालून आले तेव्हा हनुमंताच्या हाती गदा नाही; तो वेशीच्या तोरणाजवळचा लोखंडी परिघ उचलतो. परिघ म्हणजे दार आतून लावण्याचा जाड अडसर. पुढे तो झाडे उपटतो, खांब उपसतो. म्हणजे हाताला जे जड लागेल तेच त्याचे शस्त्र. प्रसंगी हाती आलेला अडसर आणि शस्त्रागारातून काढलेली घडीव गदा, यांतील भेद कवीने नीट ओळखला होता.

गदायुद्धात केवळ बळ लागते अशीही एक समजूत आहे. महाभारतातील शल्यपर्व ती खोटी ठरविते. भीम व दुर्योधन हे दोघेही बलरामाचे शिष्य. त्या अखेरच्या द्वंद्वाच्या वेळी श्रीकृष्ण स्पष्ट सांगतो की भीम बळाने अधिक आहे, परंतु दुर्योधन कौशल्याने अधिक आहे. भीमाचा लोखंडी पुतळा करून त्याने तेरा वर्षे त्यावर गदेचा सराव केला होता. दोघे मंडले घेत, उड्या मारीत, एकमेकांचे वार हुकवीत लढतात. शेवटी भीम मांडीवर प्रहार करून दुर्योधनास पाडतो. नाभीच्या खाली प्रहार करावयाचा नाही हा गदायुद्धाचा नियम होता. म्हणून गुरु बलराम नांगर उगारून भीमावर धावला. हा नियम का असावा, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा. गदेचा तोल डोक्याकडे असल्यामुळे ती वरून किंवा बाजूने आली असता तिचा मार्ग दिसतो व ती चुकविता येते. खालून मांडीकडे आलेली गदा चुकविणे फार अवघड. जेथे बचावाचा मार्ग नाही तेथे प्रहार करणे हे युद्ध नव्हे, असे त्या काळच्या वीरांस वाटत असावे.

आता आपण आपल्या कन्नडच्या परिसरात येऊ. कारण हा सर्व इतिहास आपल्या आसपासच्या दगडात व दुर्गांत लिहिलेला आहे. आपल्या तालुक्यातील पितळखोरे येथील लेणी इसवी सनापूर्वीच्या काळातील आहेत. तेथील प्रवेशद्वाराशी जे द्वारपाल कोरलेले आहेत त्यांच्या हाती भाला व ढाल आहे. हे पाहरेकऱ्यास साजेसेच आहे. भाल्याने मनुष्यास दूर ठेवता येते. वेरुळास गेल्यावर मात्र देवांच्या हाती दंडाचे अनेक प्रकार पाहावयास सापडतात. धुमार लेण्यात शिवाचे लकुलीश या रूपातील शिल्प आहे. 'लकुट' म्हणजे सोटा. त्या सोट्यावरूनच त्या रूपाचे नाव पडले. हा युद्धातील गदाधर नव्हे, हा हाती दंड घेतलेला गुरु आहे. विष्णूच्या मूर्ती दशावतार लेण्यात व कैलासात आहेत. तेथे शंख व चक्र यांच्या जोडीने गदा असते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरलेल्या त्या कैलासाच्या मंडपाच्या एका भिंतीवर रामायणाचा आणि दुसऱ्या भिंतीवर महाभारताचा पट आहे. सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी केवळ हत्ती व शिखर पाहून परत न येता या पटांतील शस्त्रे एकेक करून ओळखण्याचा प्रयत्न करावा. कोणाच्या हाती धनुष्य आहे, कोणाच्या हाती दगड, कोणाच्या हाती दांडा, हे मोजण्यात एक सबंध दुपार आनंदात जाते.

वेरुळची लेणी कोरली गेल्यानंतर चार-पाचशे वर्षांनी या मुलखावर दिल्लीच्या सुलतानांच्या फौजा आल्या. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, आणि पुढे बहमनी, निजामशाही व मोगल अशा सत्ता एकामागून एक झाल्या. आपल्या तालुक्यातील अंतूरचा किल्ला निजामशाहीच्या काळातील खुणा आजही बाळगून आहे. या फौजांचे बळ घोडदळात होते. सरदारांच्या अंगावर लोखंडी कड्यांचे जाळीदार चिलखत, त्याखाली कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा, डोक्यावर पोलादी टोप आणि कधी कधी छाती, पाठ व दोन्ही कुशींवर चार पोलादी पत्रे बांधीत. त्या चार पत्र्यांस 'चार-आईना', म्हणजे चार आरसे, असे फारसी नाव होते. अशा मनुष्यावर तरवारीचा वार केला तर काय होते? कड्यांची जाळी धार अडविते. परंतु जाळी लवचीक असते. तिच्यावर जोराचा दणका बसला तर तो जाळीतून आत शिरतो व हाड मोडतो. म्हणून चिलखताबरोबर गुर्जही आला.

गुर्ज हा फारसी शब्द होय. फिर्दौसीच्या शाहनाम्यात फेरीदून हा वीर बैलाच्या मुखाचा गुर्ज घेऊन जुलमी झोहाकावर चालून जातो, आणि रुस्तुमाचेही ते आवडते शस्त्र. प्रत्यक्ष लढाईतला गुर्ज मात्र गदेहून पुष्कळ आखूड व पुष्कळ हलका असे. तो हातभर किंवा त्याहून थोडा अधिक लांब, एका हाताने चालविण्याजोगा. कारण दुसऱ्या हाती लगाम किंवा ढाल असावयाची. त्याचा दांडाही बहुधा लोखंडी असे, म्हणजे तरवारीच्या घावाने तो तुटू नये. त्याच्या एका प्रकारास 'शशपर' म्हणत. 'शश' म्हणजे सहा व 'पर' म्हणजे पंख. दांड्याच्या टोकाभोवती पोलादाचे सहा जाड पत्रे उभे बसविलेले असत. काही गुर्जांस सात-आठ पत्रेही असतात. हे पत्रे कशासाठी? पाहणाऱ्यास वाटते की ते कापण्यासाठी आहेत. तसे नाही. गोळा जेव्हा वाकड्या पत्र्यावर आदळतो तेव्हा तो घसरतो व अर्धा जोर वाया जातो. उभ्या पत्र्याची अरुंद कड मात्र त्या जागी रुतते; सगळा जोर बोटभर जागेवर एकवटतो, आणि टोप चेपतो किंवा त्याखालील हाड फुटते. गोळा, भोपळा, कांदा अशा आकारांचे गुर्जही होतेच. परंतु पोलादी पत्र्यांच्या काळात पाकळ्यांचा गुर्ज अधिक उपयोगी ठरला. गोळ्याहून त्याचे वजनही कमी भरते. हिंदुस्थानी कारागिरांनी यात आपली एक भर घातली. अनेक हिंदुस्थानी गुर्जांस खांड्याच्या मुठीसारखी, बोटे झाकणारी मूठ आढळते. युरोपातील गदांस अशी मूठ सहसा नसते. संग्रहालयात शस्त्रदालन पाहताना ही एक खूण ध्यानात ठेविली तर पाटी न वाचताही गुर्ज कोठला हे पुष्कळ वेळा सांगता येईल.

वजनाविषयी फार अतिशयोक्ती चालते. 'एवढे वजन पेलणारे वीर आता कोठे राहिले!' असे उद्गार संग्रहालयात ऐकू येतात. परंतु युरोपातील लढाऊ गदा तोलल्या असता त्या साधारणतः एक ते दीड किलोग्रॅम भरतात. पाथरवटाचा मोठा घण याहून कितीतरी जड असतो. कारण उघड आहे. घण फिरविणाऱ्या पाथरवटावर कोणी चालून येत नाही. त्याला दोन घावांमध्ये श्वास घेता येतो. लढाईत मनुष्यास शेकडो वेळा हात उचलावा लागतो. ज्याचा हात आधी थकला तो आधी मेला. यास्तव लढाऊ शस्त्र जड न करता त्याचे वजन योग्य जागी ठेवण्याकडे कारागिरांचे लक्ष असे. पहिलवानांची व्यायामाची गदा, म्हणजे वेळूच्या दांड्यावर बसविलेला दगडी गोळा, ही मात्र मुद्दाम जड करतात. ती व्यायामासाठी आहे, रणासाठी नाही. या दोहोंची गल्लत केल्यामुळे पूर्वजांच्या बळाविषयी भलत्याच कथा तयार होतात. त्यांचे कौशल्य मोठे होते, आणि त्याचे कौतुक करावयास खोट्या वजनाची गरज नाही.

युरोपात हीच गोष्ट थोड्या निराळ्या क्रमाने घडली. तेथेही प्रथम कड्यांचे चिलखत व पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकांत नखशिखांत पोलादी पत्र्यांचे कवच आले. पाकळ्यांची आखूड गदा ही घोडेस्वाराची. जेव्हा पत्रा इतका चांगला झाला की गदेच्या पाकळीनेही तो नीट चेपेना, तेव्हा युद्धाचा हातोडा पुढे आला. त्याच्या डोक्याची एक बाजू चौकोनी, सुताराच्या हातोड्यासारखी, आणि दुसरी बाजू पक्ष्याच्या चोचीसारखी अणकुचीदार. एका बाजूने बधिर करावे, दुसरीने पत्रा फोडावा. घोडेस्वाराचा हातोडा आखूड. पायदळाचा मात्र पुरुषभर किंवा अधिक लांब दांड्याचा. आपल्याकडे चोचीच्या या प्रकारास जवळचे शस्त्र म्हणजे 'जागनोल'. त्याचा फारसी अर्थच मुळी कावळ्याची चोच असा आहे. कडक बोलावयाचे तर चोच ही बोथट नव्हे. परंतु तिचे काम धारेने न होता हातोड्याच्या वेगाने होते, म्हणून तिचा उल्लेख येथे केला.

गोळ्यावर खिळे बसविलेली, जर्मन भाषेत 'पहाटेचा तारा' असे सुंदर नाव असलेली गदा पुष्कळांनी चित्रात पाहिली असेल. ती व साखळीचा सोटा यांत घोटाळा करू नये. साखळीच्या सोट्याचे मूळ शेतात आहे. आपल्याकडे खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरवून मळणी करीत. युरोपात एक लांब व एक आखूड असे दोन दांडे चामड्याच्या वादीने जोडून त्याने धान्य झोडीत. बोहेमिया देशात १४१९ ते १४३४ या काळात धर्मावरून मोठे युद्ध झाले. तेव्हा यान झिझ्का या सेनापतीने शेतकऱ्यांस त्यांची तीच मळणीची काठी लोखंडाने मढवून दिली आणि गाड्यांचा कोट करून कवचधारी सरदारांस मागे हटविले. हा दोन हातांचा साखळीसोटा खरा. परंतु चित्रपटांत दिसणारा, एका हातात धरावयाचा, लांब साखळीला काटेरी गोळा लटकलेला सोटा मध्ययुगात खरोखर कितपत वापरात होता याविषयी आजच्या अभ्यासकांस मोठा संशय आहे. संग्रहालयांतील अशा अनेक वस्तू पुढील काळात शोभेसाठी बनविलेल्या निघाल्या. चालविणाऱ्याच्याच डोक्यावर परत येऊन बसेल असे शस्त्र कोणता शहाणा शिपाई हाती धरील?

शेतकऱ्यांप्रमाणे विणकरांचीही एक कथा आहे. ११ जुलै १३०२ रोजी फ्लँडर्समधील कोर्त्रे या गावाजवळ तेथील शहरांचे विणकर, खाटीक व कारागीर फ्रान्सच्या राजाच्या घोडदळासमोर पायी उभे राहिले. त्यांच्या हाती जाड बुडाचा व टोकाला लोखंडी खिळा बसविलेला सोटा होता. त्या सोट्याचे नाव 'गूडेनडाग', शब्दशः 'शुभ दिवस'. सोट्याला असे नाव कोणी विनोदी माणसानेच दिले असावे. त्या दिवशी घोडदळाचा पूर्ण पराभव झाला आणि पडलेल्या सरदारांच्या सोनेरी टाचा विजेत्यांनी गोळा केल्या. म्हणून ती लढाई सोनेरी टाचांची लढाई म्हणून प्रसिद्ध आहे. सोट्याची किंमत ती काय! परंतु तो ओळीने, न हटता धरला तर मौल्यवान कवचासही भारी पडतो.

यापुढील मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बोथट शस्त्र हे दयाळू शस्त्र आहे, त्याने रक्त सांडत नाही, अशी एक कल्पना पुस्तकांतून आढळते. ख्रिस्ती धर्मगुरूंस रक्त सांडण्याची मनाई असल्यामुळे ते रणात तरवारीऐवजी गदा घेत, असे त्यासाठी सांगतात. आणि पुरावा म्हणून १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईचे चित्रण असलेल्या बायू येथील प्रसिद्ध भरतकामाकडे बोट दाखवितात. त्यात ओडो नावाचा बिशप घोड्यावर बसून हाती सोटा घेतलेला आहे, हे खरे. परंतु त्याच पटात त्याचा भाऊ विल्यम याच्याही हाती तसाच सोटा आहे, आणि विल्यम तर धर्मगुरू नव्हता. तेव्हा तो सोटा सेनापतीच्या अधिकाराची खूण असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक. इंग्लंडात टौटन येथे २९ मार्च १४६१ रोजी झालेल्या लढाईतील मृतांचे एक सामुदायिक दफनस्थान १९९६ मध्ये सापडले. तेथील कवट्यांवर तरवारीच्या लांब कापांच्या जोडीने बोथट माराने झालेले भंग व टोचलेली छिद्रेही आहेत; काहींवर एकाहून अधिक. ज्याने ती हाडे पाहिली तो बोथट शस्त्रास दयाळू म्हणणार नाही. किंबहुना त्याचा क्रूरपणा असा की, वरून चिलखत अभंग दिसते आणि आत मनुष्य मोडलेला असतो. शाळेच्या आवारात लाठीने किंवा मुगदलाने चेष्टा करणाऱ्या मुलांस व त्यांच्या पालकांस हे सांगणे अवश्य आहे. टेंगूळ आले नाही, रक्त दिसले नाही, म्हणून डोक्यास लागलेला मार लहान समजू नये. अशा मुलास त्याच दिवशी डॉक्टरास दाखवावे.

अधिकाराच्या खुणेची गोष्ट निघाली आहे, तर तीही पुरी करू. मोगल दरबारात 'गुर्जबर्दार' नावाचे सेवक असत. औरंगजेबाच्या कारकिर्दीत हिंदुस्थानात असलेल्या बर्निये या फ्रेंच प्रवाशाने चांदीचे गुर्ज वाहणाऱ्या या लोकांचे वर्णन केले आहे. बादशहाचे हुकूम दूरच्या सुभेदारांकडे नेणे, कोणास दरबारात हजर करणे ही त्यांची कामे. गुर्जबर्दार दारी आला म्हणजे प्रत्यक्ष बादशहाचा हात दारी आला. त्या गुर्जाने कोणाचे डोके फोडावयाचे नसे. फोडता येईल एवढे ध्यानात आणून द्यावयाचे असे. मराठी दरबारांतील चोपदार हाही याच कुळातला. 'चोब' म्हणजे फारसीत लाकूड, काठी. ती चांदीने मढविली की चोपदाराची काठी झाली. मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या पुढे चोपदार चालण्याची रीत आहे. इंग्लंडच्या लोकसभेत सुवर्णमंडित गदा टेबलावर ठेविल्याशिवाय सभेचे काम चालत नाही. १६५३ मध्ये क्रॉमवेलने सभा उधळून लाविली तेव्हा तिला क्षुल्लक खेळणे म्हणून हिणवून बाहेर नेण्यास सांगितले होते. दक्षिणेतील रफाई पंथाचे फकीर 'गुर्जमार' म्हणून ओळखले जात. ते टोकदार गुर्ज स्वतःच्याच अंगावर चालवून आपली श्रद्धा प्रकट करीत. एकच शब्द शिपायाकडून सेवकाकडे आणि सेवकाकडून फकिराकडे कसा फिरला, हे पाहण्यासारखे आहे.

बंदुका आल्या, चिलखते पातळ झाली व शेवटी गेली. चिलखत गेल्यावर गुर्जास कामच उरले नाही. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाची प्रसिद्धी तर भाला व तरवार यांसाठीच होती. झपाट्याने येऊन झपाट्याने जाणाऱ्यास गुर्जाचा पल्ला फार आखूड. मुद्गर मात्र तालमीत टिकला. आपल्या व्यायामशाळांतील मुगदल व करेल हे त्याचेच वंशज. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी ही जोडी फिरविण्याची कला आपल्याकडून उचलली आणि ती इंग्लंड-अमेरिकेपर्यंत नेली; तेथे तिला 'हिंदी मुगदल' असेच म्हणत. १९०४ च्या सेंट लुई येथील व १९३२ च्या लॉस एंजल्स येथील ऑलिंपिक सामन्यांत मुगदल फिरविण्याची स्वतंत्र स्पर्धा होती, आणि दोन्ही वेळा अमेरिकन खेळाडूंनी ती जिंकली. गदेने आपल्याकडे वेगळी वाट धरली. १९६१ मध्ये आपल्याच जिल्ह्याच्या शहरी, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाराष्ट्र केसरीची पहिली कुस्ती झाली व दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी ठरले. पुढे या स्पर्धेच्या विजेत्यास चांदीची गदा देण्याची प्रथा पडली. ती खांद्यावर घेऊन विजयी मल्ल आखाड्यातून मिरवतो. तिचा घाट मात्र शुक्रनीतीतील आठ पैलूंचा नसून नाटकातल्यासारखा वाटोळाच असतो.